एकच प्रोग्रॅम सगळा कॉम्प्युटर अडवतो तेव्हा

व्यापारी बंधूंनो, हल्ली गिऱ्हाईक कापडाचा नमुना फोनवरच मागते. आमच्या घरी मुलगा साड्यांचे व्हिडिओ तयार करतो आणि त्याच कॉम्प्युटरवर मी बिले काढतो. मागच्या सीझनला टेम्पो माल भरून दारात उभा होता आणि ई-वे बिल काही निघेना. माऊसचा बाणही जागचा हलत नव्हता. व्हिडिओचा प्रोग्रॅम सगळी ताकद खाऊन बसला होता. कॉम्प्युटरवाल्याचा सल्ला एकच, "चाचा, नवीन घ्या." नवीन घेण्याची गरज नव्हती, हे नंतर कळले.

प्रोसेसर म्हणजे मागांची शेड समजा. सगळे माग एकाच पार्टीला दिले तर बाकीची गिऱ्हाइके तुटतात. प्रत्येकाचा हिस्सा मालकाने ठरवायचा असतो. विंडोजमध्ये ती सोय आधीपासून आहे, त्यासाठी पैसे पडत नाहीत.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. आधी दुखणे ओळखा. सीपीयूचा आकडा 100 टक्क्यांजवळ असेल तरच पुढचा इलाज लागू पडतो. मेमरी भरलेली असेल तर रॅम वाढवावी लागेल.

आता 'डिटेल्स'मध्ये जाऊन त्या प्रोग्रॅमच्या नावावर माऊसचे उजवे बटण दाबा. 'सेट प्रायॉरिटी'मध्ये 'बिलो नॉर्मल' निवडा. मग तो प्रोग्रॅम बिलाच्या कामाला वाट देतो. बाकी काम नसेल तेव्हा मात्र पूर्ण ताकद वापरतो, म्हणून आकडा 100 दिसला तरी घाबरू नका. 'रिअलटाइम'ला हात लावू नका, कॉम्प्युटर अडकून पडू शकतो.

एवढ्याने भागले नाही तर 'सेट ॲफिनिटी' उघडा. तिथे सीपीयूंची यादी दिसते. आठ असतील तर दोनांवरची खूण काढा. मग तो प्रोग्रॅम उरलेल्या सहांवरच चालेल, म्हणजे जास्तीत जास्त 75 टक्के. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की ही दोन्ही बंधने निघून जातात, ती परत घालावी लागतात.

मशीन फार तापत असेल तर कंट्रोल पॅनेलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये, ॲडव्हान्स्ड सेटिंग्जखाली, 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' 100 वरून 80 करा. याने सगळाच कॉम्प्युटर थोडा मंदावतो, पण उष्णता कमी होते. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही.

हिस्सा कमी केला की व्हिडिओला वेळ जास्त लागणार, हे उघड आहे. आम्ही ते काम आता इशाच्या नमाजनंतर लावतो. दिवसा बिले वेळेवर निघतात आणि टेम्पो खोळंबत नाही. इसराफ आपल्या दीनमध्ये मना आहे, व्यापारातही तो परवडत नाही. म्हणून नव्या मशीनला पैसे मोजण्याआधी आहे त्या मशीनचा हिशेब एकदा जरूर तपासा.