गुळाचे दुकान मोबाईलवर : खर्च किती, कटकट किती



गेल्या महिन्यात गट मेळाव्यात आडसाली लागणीविषयी बोलत होतो. बेणे प्रक्रियेवर आलो तोच मागच्या बाजूने एक तरुण सभासद उठला. "साहेब, घरच्या गुळाचं ऑनलाईन दुकान काढायचं आहे. करून देणारा चाळीस हजार मागतोय. द्यावेत का?" सभेत हशा पिकला. मला मात्र उत्तर देता आले नाही. बेसल डोस तोंडपाठ आहे, हे नव्हते. म्हणून ज्यांचे असे दुकान तीन वर्षे चालू आहे, अशा आपल्याच एका सभासदाच्या वस्तीवर जाऊन आलो.

आधी एक गोष्ट सांगतो, नाहीतर संचालक मंडळ मलाच विचारील. नोंदीचा ऊस कारखान्यालाच यायला हवा. येथे विचार आहे तो घरच्या गुळासाठी नोंदीबाहेर ठेवलेल्या पाच-दहा गुंठ्यांचा. एकरी ४० टन धरले तर गुंठ्याला १ टन ऊस पडतो आणि टनाला साधारण १०० किलो गूळ. म्हणजे १० गुंठ्यांत १,००० किलो. एवढा गूळ पाहुण्यांना वाटून संपत नाही आणि अडत्याकडे नेला तर तो म्हणेल तो भाव.

दुकान चालवतात त्या घरच्या सूनबाई. सासरे गुऱ्हाळावर, त्या मोबाईलवर. पहिल्या वर्षी त्यांनी संकेतस्थळ वगैरे काही केलेच नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे फुकट मिळणारे अ‍ॅप घेतले, त्यात गूळ, काकवी आणि गूळ पावडर यांचे फोटो व दर टाकले, बँकेकडून क्यूआर कोड घेतला, झाले दुकान. पुण्यातल्या नणंदेच्या इमारतीतून पहिली गिऱ्हाइके आली. पैसे थेट खात्यात जमा, मध्ये कमिशन नाही.

दुसऱ्या वर्षी रोज तेच तेच निरोप लिहून बोटे दुखायला लागली, तेव्हा संकेतस्थळ केले. येथे चूक झाली. तालुक्याच्या गावातल्या एका ओळखीच्या मुलाने ते करून दिले, काम चांगले केले, पण दुकानाचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते स्वतःच्या ईमेलवर नोंदवले. पुढे तो नोकरीनिमित्त परगावी गेला. वर्ष संपल्याची सूचना त्याच्या ईमेलवर आली, यांना पत्ता नाही. ऐन दिवाळीच्या आधी दुकान बंद! मुलगा फोन उचलेना. नाव गेले ते गेलेच, आणि त्या नावाची छापलेली पाचशे लेबले अजून त्यांच्या माडीवर आहेत. सासरे मला म्हणाले, "साहेब, सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि आम्ही आपले नांगरत बसलो."

नवे दुकान सूनबाईंनी स्वतः उभे केले. वर्डप्रेस आणि त्यावर बसणारे वूकॉमर्स, ही दोन्ही मुळात फुकट मिळतात. खर्च दोनच. नावाचे वर्षाला हजार रुपयांच्या आसपास आणि जागेचे, म्हणजे होस्टिंगचे, दोन-चार हजार. होस्टिंगवाले पहिल्या वर्षी स्वस्त देतात आणि नूतनीकरणाला दर चढवतात, तेव्हा दुसऱ्या वर्षाचा दर आधी विचारावा. कार्डाने पैसे घ्यायचे तर पेमेंट गेटवे लागते, ते शेकडा दोन रुपयांच्या आसपास कापून घेते. एवढे सगळे शिकायला त्यांना तीन आठवडे लागले, तेही रात्रीची भांडी झाल्यावर.

पण खरा पैसा जातो तो खोक्यात. कुरिअरवाला नुसते वजन बघत नाही, आकारही बघतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचे. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर आकारणी त्या आकड्यावर. किलोभर गुळाला त्या आधी ३० x २० x १५ चे खोके वापरीत. गणित करून पाहा, १.८ किलो होतात. आता १५ x १५ x १० चे वापरतात, ०.४५ येतात, म्हणून आकारणी खऱ्या वजनावर होते. वर्षभर हवेला वाहतूक दिली, असे त्या हसत म्हणाल्या. मला काही हसू आले नाही.

पावसाळ्यात गूळ पाझरतो, म्हणून जून ते सप्टेंबर दुकानावर फक्त पावडर ठेवतात, तीही हवाबंद पिशवीत. काकवी काचेच्या बाटलीतून पाठवणे दोन पार्सले फुटल्यावर सोडले. माल पोचल्यावर पैसे, ही पद्धतही बंद केली, कारण गिऱ्हाईक दार उघडत नाही आणि दोन्ही बाजूंचे भाडे आपल्या बोकांडी बसते.

फोटोचीही एक गंमत आहे. भर उन्हात काढलेल्या फोटोत गूळ पिवळाधमक दिसला आणि गिऱ्हाईक म्हणाले, "काळा गूळ पाठवला." आता सोप्यात, सावलीत काढतात. दुकानावर आधी 'रसायनविरहित' लिहिले होते. मी म्हटले, ताई, काहिलीत चुना टाकता ना? तेही रसायनच. आता 'हायड्रोस न वापरता, भेंडीच्या पाण्याने मळी काढलेला' असे लिहिले आहे. आणि आपण कोल्हापूरकडचे नाही, तेव्हा 'कोल्हापुरी गूळ' लिहू नये. त्या नावाला भौगोलिक मानांकन आहे.

नियमांचे थोडक्यात. अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी हवीच. यांनी २०२३ साली केली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. वेष्टनावर नोंदणी क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, तारीख, नाव-पत्ता आणि तक्रारीचा फोन पाहिजे. जुलै २०२२ पासून वेष्टनबंद, लेबल लावलेला गूळ जीएसटीत आला आहे. राज्यात विकताना ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण करपात्र माल राज्याबाहेर गेला की एका किलोलाही लागते. म्हणून बेळगाव, हैदराबादची मागणी आली तरी सूनबाई पाठवीत नाहीत. तुम्ही करसल्लागाराला विचारून ठरवा.

तर त्या तरुण सभासदाला सांगायचे ते असे : चाळीस हजार देऊ नका. पहिला हंगाम फोनवरच विका. पन्नास गिऱ्हाइके दुसऱ्यांदा मागायला आली, तर मग नाव घ्या, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या खात्यातून पैसे भरून.

सूनबाईंनी पुढच्या गुरुवारी सकाळी ११ वाजता गट कार्यालयात येऊन आपल्या मोबाईलवर सगळे दाखवायचे कबूल केले आहे. ज्यांना यायचे त्यांनी चिटबॉयकडे नाव द्यावे आणि येताना घरातील बाईमाणसांना जरूर आणावे. मोजपट्टी मी आणतो, खोकी तुम्ही आणा.

— ऊस विकास अधिकारी