जिद्दीच्या गोष्टीत न मावणारा डेल पोत्रो

खेळाडूच्या पुनरागमनाची बातमी बहुतेक वेळा एकाच साच्यातून येते. दुखापत झाली, लोकांनी आशा सोडली, खेळाडूने मात्र जिद्द सोडली नाही आणि अखेर जिद्द जिंकली. अर्जेंटिनाचा टेनिसपटू हुआन मार्टिन डेल पोत्रो याचा २०१६ चा हंगाम या साच्यात हमखास बसवला जातो. डाव्या मनगटावर तीन शस्त्रक्रिया झालेल्या आणि जागतिक क्रमवारीत हजाराच्याही खाली गेलेल्या या खेळाडूने त्या एका वर्षात ऑलिम्पिकचं रौप्यपदक मिळवलं, अमेरिकन ओपनची उपांत्यपूर्व फेरी गाठली, स्टॉकहोमची स्पर्धा जिंकली आणि देशाला सांघिक टेनिसचा पहिलावहिला डेव्हिस चषक मिळवून देणाऱ्या संघात तो होता. हे सगळं खरं आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष, म्हणजे मन खंबीर असलं की शरीर मागोमाग येतं, हा मला चुकीचा वाटतो आणि धोकादायकही. हा हंगाम बारकाईने पाहिला तर नेमकं उलट दिसतं. शरीर काय करू शकत नाही हे डेल पोत्रोने मान्य केलं, त्याप्रमाणे खेळ बदलला, आणि त्याला नियमांची व संघाची साथ मिळाली. म्हणून तो परत येऊ शकला.

सुरुवात मनगटापासूनच करायला हवी, कारण इथेच पहिला घोटाळा होतो. डेल पोत्रोने २००९ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत राफेल नदालला आणि अंतिम फेरीत रॉजर फेडररला हरवलं. पुढच्या वर्षी त्याच्या उजव्या मनगटावर, म्हणजे ज्या हाताने तो खेळतो त्या हातावर, शस्त्रक्रिया झाली. ती यशस्वी ठरली. २०१२ मध्ये त्याने ऑलिम्पिकचं कांस्यपदक जिंकलं, २०१३ मध्ये विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठली. २०१४ पासून दुखू लागलं ते डावं मनगट. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं डावं मनगट दुखलं तर एवढं काय बिघडतं, असं अनेकांना वाटतं. बिघडतं ते बॅकहँडमध्ये. उजवा खेळाडू दोन हातांनी बॅकहँड मारतो तेव्हा मुठीच्या तळाशी असलेला उजवा हात आधार देतो आणि वरचा डावा हात रॅकेट पुढे लोटतो. हा फटका म्हणजे जवळपास डाव्या हाताचा फोरहँडच असतो. चेंडूला फिरकी देताना डावं मनगट आधी मागे वाकतं, मग झटक्यात पुढे येतं, आणि ताण करंगळीच्या बाजूच्या कंडरांवर पडतो. एका सामन्यात ही हालचाल शेकडो वेळा होते. सहा फूट सहा इंच उंचीच्या आणि तेवढ्याच ताकदीने फटके मारणाऱ्या खेळाडूच्या मनगटाला प्रत्येक फटक्यात काय सोसावं लागत असेल, याचा अंदाज यावरून यावा.

आता जिद्दीचा मुद्दा. फेब्रुवारी २०१४ मध्ये दुबईत आपल्या सोमदेव देववर्मनविरुद्ध पहिला सेट गमावल्यावर डेल पोत्रोने सामना सोडला. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. जानेवारी २०१५ मध्ये तो सिडनीत परतला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला, पण वेदना गेल्या नव्हत्या. ऑस्ट्रेलियन ओपनमधून माघार घेऊन त्याने त्याच मनगटावर दुसरी शस्त्रक्रिया करून घेतली. मार्चमध्ये मायामीत पुन्हा प्रयत्न केला, पहिल्याच सामन्यात हरला आणि जूनमध्ये तिसऱ्यांदा शस्त्रक्रियेला सामोरा गेला. पुनरागमनाचं श्रेय निव्वळ जिद्दीला द्यायचं असेल, तर सिडनी आणि मायामीचे प्रयत्न का फसले याचंही उत्तर द्यावं लागेल. माणूस तोच होता आणि त्याची इच्छाही तीच होती. २०१५ मध्ये ती कमी होती आणि २०१६ मध्ये वाढली, असं मानायला काहीच आधार नाही. बदललं ते दुसरंच काही. ‘शस्त्रक्रिया झाली, म्हणजे बरा झाला’ हा समजही याच घटनाक्रमाने खोटा ठरतो. शस्त्रक्रियेने दुरुस्त झालेली कंडरा सामन्याचा भार पेलेलच याची हमी कोणी देत नाही. ते कोर्टावर उतरल्यावरच कळतं, आणि डेल पोत्रोला ते दोनदा वाईट पद्धतीने कळलं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या डेलरे बीच इथे तो परतला तेव्हा त्याचा खेळ पाहणाऱ्यांना चटकन खटकणारी गोष्ट होती ती बॅकहँडची. एकेकाळी तो दोन्ही बाजूंनी सारख्याच जोराने मारायचा. आता बॅकहँडच्या बाजूला आलेले बहुतेक चेंडू तो उजव्या हाताने, स्लाइस करून, खाली ठेवत परतवत होता. स्लाइसमध्ये डावा हात फक्त रॅकेटच्या गळ्याशी आधाराला असतो आणि फटक्याच्या क्षणी सुटतो, त्यामुळे डाव्या मनगटावर भार जवळजवळ येत नाही. दोन हातांचा फटका तो अधूनमधून, जपून, मारत असे. ही तडजोड स्वस्तात पडली नाही. जगातल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला आता कुठे मारायचं ते ठाऊक होतं. बॅकहँडने गुण जिंकणं जवळपास थांबलं, परतीच्या फटक्याची धार गेली, आणि गुण मिळवायचे तर सर्व्हिस आणि फोरहँड या दोनच हत्यारांवर भिस्त उरली. पण याच टंचाईतून एक नवा डाव तयार झाला. स्लाइस केलेला चेंडू संथ जातो, फार उसळत नाही. प्रतिस्पर्ध्याला तो खालून उचलावा लागतो, आणि उचललेल्या चेंडूवर डेल पोत्रोचा फोरहँड तुटून पडतो. तो फोरहँड आधीपासूनच टेनिसमधल्या सर्वांत जोरकस फटक्यांपैकी एक होता, आणि आता प्रत्येक गुणाची आखणी त्याच्याभोवती होऊ लागली. विम्बल्डनला, जिथे गवतावर स्लाइस आणखीच खाली राहते, त्याने चौथा मानांकित स्टॅन वॉवरिंका याला चार सेटमध्ये हरवलं. अडीच वर्षांतली त्याची ती पहिली ग्रँड स्लॅम स्पर्धा होती. त्याआधीची फ्रेंच ओपन तो खेळलाच नव्हता. काय खेळायचं नाही हे ठरवणं हा या पुनरागमनाचा तितकाच मोठा भाग होता, आणि बातम्यांत त्याला सर्वांत कमी जागा मिळाली.

दुसरा एक समज नियमांबद्दलचा आहे. दुखापतग्रस्त खेळाडूची क्रमवारी ‘राखून ठेवली जाते’, म्हणजे तो जिथे होता तिथूनच पुढे सुरू करतो, असं सर्रास बोललं जातं. पुरुषांच्या टेनिसमध्ये संरक्षित क्रमवारी ही सोय आहे खरी. किमान सहा महिने खेळापासून दूर राहिलेल्याला ती मागता येते आणि दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या क्रमवारीच्या सरासरीवरून ती ठरते. पण तिने फक्त स्पर्धेचं दार उघडतं, तेही मोजक्या स्पर्धांचं आणि ठरावीक मुदतीत. मानांकन तिच्या आधारे मिळत नाही. याचा अर्थ असा, की परतलेला खेळाडू पहिल्याच फेरीत जगातल्या अव्वल खेळाडूसमोर उभा राहू शकतो. रिओ ऑलिम्पिकमध्ये तेच झालं. क्रमवारीत १४० च्या पलीकडे असलेल्या डेल पोत्रोची पहिली लढत अव्वल क्रमांकाच्या नोवाक जोकोविचशी पडली. त्याने ती ७-६, ७-६ अशी जिंकली. उपांत्य फेरीत त्याने नदालला तिसऱ्या सेटच्या टायब्रेकरमध्ये हरवलं आणि अंतिम फेरीत अँडी मरेशी चार तास झुंजून तो हरला. या पदकाने त्याच्या क्रमवारीत किती भर पडली? काहीच नाही. लंडन ऑलिम्पिकमध्ये क्रमवारीचे गुण होते, रिओत ते नव्हते. म्हणूनच जोकोविच आणि नदाल यांना हरवून आलेल्या या रौप्यपदक विजेत्याला काही आठवड्यांनी अमेरिकन ओपनमध्ये खेळण्यासाठी वाइल्ड कार्ड लागलं. डेव्हिस चषकातही २०१६ पासून क्रमवारीचे गुण बंद झाले होते. वर्षअखेरीस तो ३८ व्या क्रमांकावर होता; त्या आकड्यात रिओही नाही आणि डेव्हिस चषकही नाही. ‘जेमतेम पहिल्या चाळिसात आला’ असं त्या हंगामाचं मोजमाप करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

सर्वांत लाडका गैरसमज डेव्हिस चषकाचा आहे: डेल पोत्रोने तो एकहाती जिंकून दिला. अर्जेंटिना त्याआधी चार अंतिम लढती हरली होती, त्यामुळे तारणहाराची गोष्ट लोकांना भावली यात नवल नाही. वस्तुस्थिती वेगळी आहे आणि माझ्या मते जास्त सुंदर. मार्चमध्ये पोलंडविरुद्धची पहिली फेरी संघाने त्याच्याविना जिंकली. जुलैमध्ये इटलीविरुद्ध तो फक्त दुहेरी खेळला. सप्टेंबरमध्ये ग्लासगोत त्याने मरेला पाच सेटमध्ये हरवलं. तो सामना पाच तास सात मिनिटं चालला. दुसऱ्या दिवशी तो दुहेरी खेळला आणि हरला. तिसऱ्या दिवशी पाच सामन्यांची ही लढत २-२ अशी बरोबरीत आली, तेव्हा निर्णायक एकेरीला डेल पोत्रो नव्हताच. त्याच्या जागी लिओनार्डो मायर उतरला आणि त्याने डॅन इव्हान्सला हरवून संघाला अंतिम फेरीत नेलं. साच्यातली गोष्ट असती, तर थकलेला नायक स्वतःच कोर्टावर उतरला असता. कर्णधार डॅनियल ओर्सानिचने त्याला बसवलं, आणि म्हणून नोव्हेंबरमध्ये झाग्रेबला तो उभा राहू शकला. तिथे त्याने इवो कार्लोविचला हरवलं, आणि मग मारिन चिलिचविरुद्ध दोन सेट मागे पडूनही पाच सेटमध्ये विजय मिळवला. त्या सामन्याचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण त्याने लढत फक्त २-२ अशी बरोबरीत आली. चषक मिळवून दिला तो फेडेरिको डेलबोनिसने, पाचवा सामना जिंकून.

यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. फेडरर गुडघ्याच्या दुखापतीमुळे सहा महिने बाहेर होता आणि २०१७ मध्ये परतल्याबरोबर त्याने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, पुढे एकही सेट न गमावता विम्बल्डनही जिंकलं. म्हणजे जुना खेळाडू जसाच्या तसा परत येऊ शकतो ना? पण फेडररही जसाच्या तसा आला नव्हता. त्याचा बॅकहँड पूर्वीपेक्षा अधिक सपाट आणि आक्रमक झाला होता, आणि मातीवरचा सगळा हंगाम त्याने त्या वर्षी सोडून दिला. शिवाय सहा महिन्यांच्या विश्रांतीत क्रमवारीचे सगळे गुण जात नाहीत. तो सतरावा मानांकित म्हणून मेलबर्नला उतरला होता. जिद्दीत कुणापेक्षा कमी नसलेल्या मरेचं उदाहरण याच्या शेजारी ठेवावं. २०१९ मध्ये खुब्याच्या सांध्यात धातूचं आवरण बसवून त्याच वर्षी त्याने अँटवर्पची स्पर्धा जिंकली, जे अचाट होतं. त्यानंतर मात्र एकाही ग्रँड स्लॅममध्ये एकेरीत तो तिसऱ्या फेरीपुढे जाऊ शकला नाही. कोण किती मागे जाऊन परत येणार हे दुखापत कुठे आहे, किती खोल आहे आणि खेळात तिच्यासाठी पर्याय आहे का, यावर ठरतं. मनगटाला स्लाइसचा पर्याय होता. खुब्याला आणि गुडघ्याला तसा पर्याय नसतो, कारण प्रत्येक फटक्याआधी धावावं लागतंच.

मग जिद्दीला काहीच किंमत नाही का? आहे, पण ती वेगळ्या ठिकाणी शोधायला हवी. तिसऱ्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा पहिल्यापासून मनगटाचे व्यायाम करणं, ज्या फटक्यावर नाव कमावलं तो बाजूला ठेवणं, आणि ग्लासगोच्या निर्णायक सामन्यात बाकावर बसणं, यालाही निग्रहच लागतो. वेदना गिळून खेळत राहणं हीच जिद्द, असं शिकवल्यावर सर्वांत आधी बळी जातात ते शाळकरी वयातले खेळाडू. मनगट दुखतं म्हणून सांगणारं मूल कमकुवत ठरतं. दुखऱ्या मनगटाने खेळत राहणाऱ्या मुलांना डेल पोत्रोचा दाखला देणाऱ्या पालकांनी आणि प्रशिक्षकांनी त्याचं २०१५ सालही सांगावं.

शेवटचा गैरसमज असा, की पुनरागमन एकदा यशस्वी झालं की दुखापतीचा अध्याय संपतो. डेल पोत्रोच्या बाबतीत मनगटाचा अध्याय खरोखरच बराचसा मिटला. दोन हातांचा बॅकहँड हळूहळू परतला, २०१८ मध्ये त्याने इंडियन वेल्सच्या अंतिम सामन्यात फेडररला हरवलं, त्याच वर्षी तो जागतिक क्रमवारीत तिसऱ्या स्थानी पोहोचला आणि अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीतही खेळला. त्यानंतर काही आठवड्यांनी शांघायमध्ये तो कोर्टावर पडला आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. जून २०१९ मध्ये लंडनला क्वीन्स क्लबच्या गवतावर घसरून त्याच वाटीला पुन्हा इजा झाली. गुडघ्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, आणि या वेळी खेळ कितीही बदलला तरी भागण्यासारखं नव्हतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्युनोस आयर्सला तो आपला अखेरचा व्यावसायिक सामना खेळला. त्यात डेलबोनिसने त्याला ६-१, ६-३ असं हरवलं.