शिरोरेषा फाटू नये म्हणून

सकाळी ६
नंगारा संग्रहालयापर्यंत चालून येतो. ५ ऑक्टोबर २०२४ला त्याचं उद्घाटन झालं. रामनवमीची यात्रा नसली की पोहरादेवीचा रस्ता या वेळी मोकळा असतो, दिवसभराचं काम डोक्यात मांडता येतं. सध्या हातात जमिनीची ओल दाखवणारं छोटं यंत्र आहे. त्याच्या मराठी माहितीपुस्तिकेसाठी पडद्याची चित्रं हवीत. मोबाइलनं काढलेल्या फोटोत चकाकी येते, म्हणून ती थेट फ्रेमबफरमधूनच, म्हणजे पडद्यावरचे रंग साठवणाऱ्या मेमरीतूनच घ्यायची.

८
पडदा ३२० बाय २४० ठिपक्यांचा, ठिपक्याला दोन बाइट. एकूण १,५३,६०० बाइट. ११५२०० बॉडच्या सिरियल केबलवरून ते लॅपटॉपवर यायला तेरा सेकंद लागतात. यंत्राच्या तुटपुंज्या मेमरीत पीएनजी बनवत बसण्यापेक्षा तेरा सेकंद थांबलेलं परवडतं.

९
दिवसातलं सगळ्यात नाजूक काम. दोन बाइटांत लाल ५ बिट, हिरवा ६, निळा ५. चित्राच्या फाइलीत प्रत्येक रंगाला आठ बिट लागतात. पाचाचे आठ करताना आकडा नुसता तीन जागा डावीकडे सरकवला, तर लाल-निळा २४८वर अडकतो आणि हिरवा, दोनच जागा सरकत असल्यानं, २५२वर. पांढरा रंग मळकट, किंचित हिरवट होतो. पाच बिटांतले वरचे तीन खालच्या रिकाम्या जागेत पुन्हा भरले की ३१चे बरोबर २५५ होतात. हिरव्याचेही तसेच वरचे दोन.

११
पहिली फाइल नेहमी पीपीएम. १५ बाइटांचा मथळा, पुढे सरळ रंग, एकूण २,३०,४१५ बाइट. लायब्ररी लागत नाही आणि चूक कुठे आहे ते लगेच दिसतं. बीएमपीत बहुधा ओळी खालून वर आणि रंग निळ्यापासून, त्यामुळे तपासताना जीव मेटाकुटीला येतो.

दुपारी १
जेवण. याडी (आई) फेटियाला, म्हणजे घागऱ्याला, आरसे लावतेय, मामीला पाठवायला फोटो हवा म्हणाली. तो जेपेगमध्येच काढला. १९९२चा हा प्रकार फोटोंसाठीच घडवलेला आहे. कशिद्याच्या दाट रंगांत त्यानं गाळलेलं काही डोळ्याला जाणवत नाही.

२.३०
पडद्याचं चित्र मुद्दाम जेपेगमध्ये काढून मोठं केलं. पांढऱ्यावर लाल अक्षरांत ‘पुरेशी ओल नाही’. शिरोरेषेभोवती गुलाबी डाग, ‘पु’चा उकार पुसट. जेपेग आठ-बाय-आठच्या चौकटीत काम करतो आणि रंगाची माहिती बहुतेकदा निम्म्या बारकाईनं ठेवतो. एका ठिपक्याची शिरोरेषा त्यात टिकत नाही. देवनागरीसाठी हे चालणार नाही. जीआयएफच्या पेटंटवादातून जन्मलेली आणि १९९६ला प्रमाण झालेली पीएनजी एकही ठिपका गमावत नाही.

४
आता पीएनजी लिहायला लायब्ररी. लिबपीएनजी जुनी, भरवशाची, पण सोबत झेडलिब ही आणखी एक लायब्ररी लागते. शॉन बॅरेट यांची ‘एसटीबी इमेज राइट’ म्हणजे एकच हेडर फाइल, परवान्याची कटकट नाही. तिची पीएनजी थोडी मोठी होते, पण सपाट रंगांच्या आमच्या पडद्याला त्यानं काही बिघडत नाही. तीच घेतली. पीएनजीऐवजी २०२१ची क्यूओआय ही फाइल वेगवान आहे, पण छापखान्यात ती उघडेल याचा भरवसा नाही.

५.३०
पीएनजी परत उघडून पीपीएमशी ठिपका-ठिपका ताडली. फरक शून्य.

६.३०
चित्रं पुस्तिकेची मांडणी करणाऱ्याकडे रवाना. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून टाकलं की पीएनजीचं पुन्हा जेपेग होतं. तुम्हीही मराठी मजकुराचं चित्र पाठवाल, तेव्हा ते डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.