जमिनीखालचे दप्तर

गिरगावात किंवा लालबागेत एखादी जुनी चाळ पाडून तिच्या जागी चाळीस मजली इमारत उठवायचे ठरते, तेव्हा पत्र्याच्या कुंपणाआड सर्वांत आधी जे यंत्र येऊन उभे राहते, ते आकाशाकडे हात उंचावणारी क्रेन नसून, लोखंडी तिपाईवर टांगलेले, दिवसभर धडधडत राहणारे आणि भोवतालची जमीन चिखलाने माखून टाकणारे, भोक पाडण्याचे एक लहानसे यंत्र असते. रस्त्याने जाणाऱ्याचे त्याच्याकडे लक्ष जात नाही. पण त्याच्या शेजारी ताडपत्रीखाली लांबट खणांच्या लाकडी पेट्या रचलेल्या असतात आणि त्या खणांतून, उसाच्या कांड्या ओळीने मांडाव्यात तशा, जमिनीच्या पोटातून काढलेल्या दगडाच्या कांड्या खोलीचे आकडे घालून मांडलेल्या असतात. मुंबईचा इतिहास म्हणून आपण जे वाचतो त्याहून कितीतरी जुना, आणि या शहराच्या भवितव्याशी अधिक निगडित असा दस्तऐवज या पेट्यांत असतो, अशी माझी धारणा अशा एका पेटीसमोर अर्धा तास उभा राहिल्यापासून झाली आहे.

पहिल्या काही मीटरांचे नमुने दगडाचे नव्हतेच. पिशव्यांत भरलेल्या त्या मातीत विटांचे तुकडे होते, फुटकी कौले होती, कोळशाची राख होती. त्याखाली करड्या-काळ्या रंगाचा, बोटाने दाबला तर बोट रुतावे असा मऊ चिखल आणि त्यात शिंपल्यांची भुकटी. त्याखाली पिवळट मुरूम. आणि मग कोठे, प्रथम भुसभुशीत व पुढे हळूहळू घट्ट होत जाणारा, खराखुरा कातळ. ज्या ठिकाणी आज ट्रामचे रूळही विस्मृतीत गेले आहेत आणि मोटारींना उभे राहायला जागा नाही, तेथे एके काळी भरतीचे पाणी येत होते, ही गोष्ट त्या चिखलाने कोणत्याही बखरीपेक्षा स्पष्टपणे सांगितली.

सात बेटे जोडून मुंबई झाली हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु जोडली म्हणजे काय केले, याचा विचार सहसा होत नाही. १६६८ साली वार्षिक दहा पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आलेली ही बेटे म्हणजे मुख्यतः दोन समांतर डोंगररांगा होत्या. पूर्वेला माझगाव-शिवडीची आणि पश्चिमेला मलबार हिल ते वरळीपर्यंतची. त्यांच्या मधल्या सखल भागात महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील खिंडारातून समुद्र आत शिरत असे. गव्हर्नर हॉर्नबी याच्या कारकिर्दीत, १७८४ च्या सुमारास, ते खिंडार बांध घालून बंद झाले. या बांधाशी पाठारे प्रभू स्थपती रामजी शिवजी यांची आणि समुद्रातून देवीच्या मूर्ती वर आल्याची आख्यायिका निगडित आहे. पुढे १८३८ मध्ये कुलाब्याचा आणि १८४५ मध्ये माहीमचा सेतू झाला. पाणी हटले, परंतु पाण्याने शतकानुशतके आणून टाकलेला गाळ जागच्या जागी राहिला आणि त्याच्यावर डोंगर फोडून आणलेली माती, शहराचा केरकचरा, गिरण्यांची राख, जे हाती लागेल ते पडत गेले. पायधुणी आणि उमरखाडी ही नावे उच्चारताना आपण नकळत एका लुप्त किनाऱ्याचा नकाशा वाचत असतो. भूगर्भशास्त्रज्ञाला बोअर घेण्यापूर्वीच तेथे चिखलाची शंका यावी, इतकी ती नावे प्रामाणिक आहेत.

या चिखलाची परीक्षा करण्याची रीत मोठी साधी आहे. ६३.५ किलो वजनाचा एक घण ७५ सेंटिमीटर उंचीवरून एका पोकळ नळीच्या माथ्यावर पुनःपुन्हा सोडायचा आणि नळी ३० सेंटिमीटर आत जाण्यास किती ठोके पडतात ते मोजायचे. घट्ट मुरमात पन्नास ठोके मारूनही नळी हटत नाही. खाडीच्या गाळात दोन-तीन ठोक्यांत ती आत जाते, क्वचित घणाच्या नुसत्या भारानेच खचते. कातळाची परीक्षा निराळी. बाहेर काढलेल्या कांडीचे दहा सेंटिमीटरांहून लांब असे जे अखंड तुकडे असतील त्यांच्या लांबीची बेरीज करायची आणि ती एकूण लांबीच्या शेकडा किती भरते ते पाहायचे. नव्वद भरली तर कातळ उत्तम, पंचवीसही भरली नाही तर तो नावाचाच कातळ. अब्जावधी रुपयांच्या इमारतींचे भवितव्य या दोन मोजण्यांवर, म्हणजे अखेर ठोके मोजणाऱ्या एका मजुराच्या आणि कांड्या जुळवून ठेवणाऱ्या दुसऱ्या मजुराच्या सचोटीवर, पुष्कळ अंशी अवलंबून असते, हे लक्षात आल्यावर त्या तिपाईजवळच्या माणसांविषयी माझ्या मनात जो आदर उत्पन्न झाला तो अद्याप कमी झालेला नाही.

गाळावर भार टाकला असता तो खचतो, हे सर्वांना ठाऊक होते. परंतु तो ताबडतोब न खचता वर्षानुवर्षे का खचत राहतो, याचा उलगडा कार्ल टेरझागी या ऑस्ट्रियन अभियंत्याने केला. पहिल्या महायुद्धाच्या काळात इस्तंबूलमध्ये अध्यापन करीत असताना, अगदी तुटपुंज्या साधनांनी केलेल्या प्रयोगांतून त्याने जे सिद्धान्त बांधले ते १९२५ साली व्हिएन्नात प्रसिद्ध झाले, आणि मृदायांत्रिकी या शास्त्राचा जन्म त्या ग्रंथापासून मानतात. त्याचे म्हणणे समजून घेण्यास आपल्या घरातला चक्का पुरेसा आहे. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून त्यावर वजन ठेवले, की पहिल्या क्षणी ते वजन दह्यातले पाणीच तोलून धरते. पाणी वाटा शोधीत थेंबाथेंबाने बाहेर पडू लागते तसतसा भार दह्याच्या घट्ट अंशावर येतो आणि पुरचुंडी बसत जाते. पुरचुंडी जाड असेल तर आतल्या पाण्याला बाहेर येण्यास लांबचा प्रवास करावा लागतो, आणि येथे निसर्गाचा हिशेब कठोर आहे: प्रवासाचे अंतर दुप्पट झाले तर लागणारा वेळ चौपट होतो. कणांमधली छिद्रे जितकी सूक्ष्म तितका हा वेळ लांबतो, म्हणून दहा-पंधरा मीटर जाडीचा चिकणा गाळ आपल्या अंगावरील नव्या भाराशी पुरता जुळवून घेण्यास माणसाचे निम्मे आयुष्यही घेऊ शकतो.

हाच हिशेब उलटा केला की उपायही हाती येतो. अंतर निम्मे करा, वेळ चौथाईवर येतो. म्हणून खाडीकाठच्या भूमीवर बांधकाम करताना गाळात थोड्या थोड्या अंतरावर निचऱ्याच्या उभ्या पट्ट्या खोलवर रोवतात आणि वर मातीचा ढीग रचून ठेवतात. पाण्याला वर-खाली दूर न जाता शेजारच्या पट्टीपर्यंत, म्हणजे हातभर अंतर, आडवे जावे लागते आणि दशकांचे खचणे काही महिन्यांत उरकते. उलव्याची टेकडी फोडून, नदीचा प्रवाह वळवून आणि दलदलीवर भराव घालून जेथे नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला, ती भूमी याच जातीची. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि कुलाबा-वांद्रे-सीप्झ या भुयारी मेट्रोच्या शेवटच्या टप्प्याचे उद्घाटनही त्याच दिवशी झाले. एक बांधकाम गाळाला घट्ट करून त्याच्यावर उभे, दुसरे कातळाला पोखरून त्याच्या आत शिरलेले. एकाच महानगराच्या पायाखाली किती परस्परविरुद्ध प्रकृतीची भूमी आहे याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

कातळ म्हटला की तो सर्वत्र एकजिनसी असणार, अशी समजूत मुंबईच्या कातळाने अनेकदा खोटी ठरवली आहे. सहा कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी दख्खनच्या ज्वालामुखी युगाच्या अखेरच्या पर्वात येथे जे घडले ते लाव्ह्याचे शांत थरांमागून थर साचणे नव्हते. लाव्हा पाण्यात शिरून फुटला, राख पाऊस पडावा तशी पडून घट्ट झाली, तुकडे तुकड्यांना चिकटले, आणि दोन उद्रेकांच्या दरम्यान तळ्यांमध्ये गाळ बसून त्याचे पापुद्रेदार शेल झाले. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे षट्कोनी स्तंभ, वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींतला कुर्ल्याचा करडा आणि मालाडचा पिवळसर दगड, ही सगळी त्याच घडामोडीची अपत्ये. परंतु भुयार खणणाऱ्याच्या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. काळा बेसॉल्ट यंत्राच्या चकत्या झिजवतो पण छप्पर धरून ठेवतो. राखेचा दगड लोण्यासारखा कापला जातो, मात्र त्याला पाणी लागले की तो सुटू लागतो. सर्वांत वाईट अवस्था म्हणजे यंत्राच्या तोंडाशी खाली कातळ आणि वर मऊ थर एकाच वेळी येणे. कारण मग फिरणारी थाळी एका अंगाने आपटत राहते आणि दुसऱ्या अंगाने हवी त्यापेक्षा अधिक माती आत ओढते, आणि तेवढ्याने वर रस्ता खचू शकतो.

मेट्रोच्या या मार्गासाठी सतरा भुयारयंत्रे कामाला लावली होती आणि त्यांना गोदावरी, वैनगंगा, वैतरणा अशी महाराष्ट्रातील नद्यांची नावे दिली होती, हे मला फार उचित वाटले. मलबार हिलच्या पोटातून सागरी किनारा रस्त्याचे दोन किलोमीटरांहून थोडे लांब असे जुळे बोगदे ज्याने खणले, त्या १२.१९ मीटर व्यासाच्या यंत्राचे नाव 'मावळा'. या यंत्रांची खरी करामत फोडण्यात नसून फोडल्यावर पोकळी क्षणभरही उघडी न ठेवण्यात आहे. समोर कातळ फुटत असतो आणि मागच्या अंगाला काँक्रीटचे वक्र तुकडे जुळवून कडे पूर्ण केले जाते, कडे आणि कातळ यांच्यामधील फट घट्ट मिश्रणाने भरली जाते, आणि त्या नव्या कड्यालाच रेटा देऊन यंत्र पुढे सरकते. गिरगाव आणि काळबादेवी येथे, जेथे वरच्या रस्त्याची रुंदी स्थानकाला पुरेल इतकीही नाही, तेथे मात्र स्थानकांसाठी हे यंत्र उपयोगी पडले नाही. थोडे थोडे खोदून, लगोलग काँक्रीटचा फवारा मारून, कातळाची प्रतिक्रिया मोजत मोजत पुढे जावे लागले.

आणि मोजावे लागते ते मुख्यतः पाण्याच्या भीतीने. जमिनीतला भार काही अंशी कणांवर आणि काही अंशी छिद्रांतील पाण्यावर असतो; खोदकामाकडे पाणी झिरपून गेले की शेजारच्या जमिनीतले कण तो सगळा भार आपल्यावर घेतात, जवळ येतात, आणि खोल पाया नसलेल्या शंभर वर्षांच्या चाळीच्या भिंतीवर केसाएवढी चीर उमटते. म्हणून अशा इमारतींच्या अंगावर कल मोजणारी यंत्रे आणि आवारात पाण्याची पातळी दाखवणाऱ्या नळ्या बसवलेल्या आढळतात. या पाण्याशी मुंबईकराचे नाते केवळ अभियांत्रिकी नाही. चर्चगेटनजीक भिका बेहराम विहीर १७२५ पासून समुद्राच्या इतक्या सान्निध्यात गोडे पाणी देत आली आहे. आणि मेट्रोच्या भुयारामुळे आतश बेहराम या अग्निमंदिरांतील पवित्र विहिरींचे पाणी आटेल किंवा दूषित होईल, ही पारशी बांधवांची चिंता २०१८ साली न्यायालयापर्यंत गेली होती. काम पुढे चालू राहिले. तरीही विहिरीच्या पाण्याचा प्रश्न भूजलशास्त्राच्या परिभाषेत मांडून न्यायासनासमोर त्याची चर्चा व्हावी, याला मी या शहराच्या प्रौढतेचे लक्षण समजतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. माझ्या परिचयाचे एक अभियंता मध्य मुंबईतील एका भूखंडाचा पाया आखत होते. लगतच्या इमारतीसाठी पंधरा वर्षांपूर्वी बोअर घेतले होते हे त्यांना माहीत होते. तो अहवाल मिळावा म्हणून त्यांनी विकासकाकडे, सल्लागाराकडे आणि एका कचेरीत खेटे घातले. अहवाल गहाळ झाला होता, पेट्या राडारोड्याबरोबर कधीच निघून गेल्या होत्या. शेवटी कुंपणापासून काही मीटरांवर त्यांनी पुन्हा भोक पाडले आणि जे ज्ञान एकदा पैसे मोजून मिळवले होते तेच दुसऱ्यांदा विकत घेतले. जमिनीच्या पृष्ठभागाची आपण केवढी निगा राखतो! मिळकत पत्रिकेवर चौरस मीटरचा दशांश चुकला तर पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात. चटई क्षेत्राच्या हिशेबात कारकुनापासून मंत्र्यापर्यंत सर्वांची तज्ज्ञता असते. त्याच मिळकतीच्या तीस मीटर खाली काय आहे, याची सनद मात्र कोणाच्याही दप्तरी नसावी, हे मला सहन होत नाही.

नेदरलँड्स हा देश बव्हंशी गाळावर वसला आहे. तेथे सार्वजनिक संस्थांनी केलेल्या भूगर्भपरीक्षणाची नोंद राष्ट्रीय दप्तरात करणे २०१८ पासून कायद्याने बंधनकारक आहे. ब्रिटनच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेकडे दहा लाखांहून अधिक बोअरांच्या नोंदी जमा आहेत आणि त्यांतील बहुतेक कोणाही नागरिकाला घरबसल्या पाहता येतात. मुंबईत बांधकामाची परवानगी देताना इतक्या दाखल्यांची मागणी होते, त्यांत बोअरचा तपशील एका ठरावीक नमुन्यात सर्वांसाठी खुल्या दप्तरात दाखल करण्याची एकच अट वाढवली, तर काही वर्षांत पुनर्विकासाच्या रेट्यानेच या बेटाच्या गर्भाचा असा नकाशा तयार होईल, की जो कोणत्याही सरकारी खर्चाने झाला नसता. मेट्रोच्या आणि सागरी रस्त्याच्या कामांत गोळा झालेल्या नोंदी त्याचा आरंभ ठरू शकतील.

वरळीच्या टेकडीतल्या शेलमध्ये गेल्या शतकाच्याही आधी काही इवल्या बेडकांचे सांगाडे सापडले होते. अंगठ्याएवढ्या त्या बेडकांचे दगड कोणीतरी फेकून न देता जपून इंग्लंडला पाठवले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन याने त्यांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यावरून ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांच्या मधल्या निवांत काळात येथे गोड्या पाण्याचे तळे होते, असे कळले. आज त्याच वरळीत एकाशेजारी एक पायांची भोके पडत आहेत आणि त्यांतली काही त्याच करड्या, पापुद्रेदार थरातून खाली जात असतील. परवा तिकडून जाताना एका कुंपणाच्या फटीतून मला तशा पेट्या दिसल्या. ताडपत्री वाऱ्याने उडाली होती, पावसाचे पाणी खणांत साचले होते, आणि दोन कांड्यांवरचे खोलीचे आकडे धुऊन गेले होते.