आठ पैशांचं पान, दहा हजार कोटींचा ढीग

एप्रिल सरता सरता जबलपूरहून मंडला-डिंडोरीच्या रस्त्याला लागा. जंगलात पहाटेपासून विडीसाठी लागणारी तेंदूची पानं तोडणं चालू असतं. ऊन चढलं की माणसं घरी येतात आणि घरातली लहानथोर सगळी मिळून गड्ड्या बांधतात. पन्नास पानांची एक गड्डी, हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा. आपल्या विदर्भात पुडा ७० पानांचा असतो, इथे ५०. म्हणजे इथल्या एका बोऱ्यात पानं किती? पन्नास हजार! आणि त्यातलं प्रत्येक पान कुणीतरी हातानं खुडलेलं.

हा झाला एक बोरा. आता सगळ्या मध्य प्रदेशाचा ढीग मोजू. चांगल्या वर्षी आकडा २५ लाख बोऱ्यांच्या आसपास जातो, वाईट वर्षी बराच खाली येतो. आपण सोपा हिशेब धरू: २० लाख बोरे. वीस लाख गुणिले पन्नास हजार. शून्यं नीट मोजा हं! दहा हजार कोटी पानं! देशातल्या प्रत्येक माणसाला, पाळण्यातल्या तान्ह्यासकट, पासष्ट-पासष्ट पानं वाटा, तरी थोडी उरतील.

मोजायला बसायचं म्हणता? सेकंदाला एक पान, जेवण नाही, झोप नाही. ३,१०० वर्षांहून जास्त लागतील. सम्राट अशोकाच्या आठशेहून जास्त वर्षं आधी मोजायला सुरुवात केली असती, तर आत्ता कुठे शेवटची गड्डी हाती आली असती.

बरं, मोजू नका, पानं नुसती टोकाला टोक लावून मांडा. एक पान १५ सेंटीमीटरचं धरा. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर, म्हणजे दहा लाख पानांत पुणं आलं. पण आपल्याकडे दहा हजार कोटी आहेत! मुंबई ते पुणे अशा एक लाख रांगा लागतील. सगळ्या रांगा एकापुढे एक जोडल्या तर दीड कोटी किलोमीटर. चंद्र इथून पावणेचार लाख किलोमीटरच्या थोडा पुढे. तिथवरच्या १९ फेऱ्या, जाऊन-येऊन! मुंबईहून इटारसीमार्गे जबलपूरला येणारी गाडी या पानांच्या रुळावर घातली आणि ताशी १०० किलोमीटरनं एकाही स्टेशनवर न थांबता सोडली, तर शेवटचं पान यायला १७ वर्षं लागतील.

हे सगळं येतं कुठून? मध्य प्रदेशात जंगलाचा पसारा ७७ हजार चौरस किलोमीटरांहून जास्त. वीस गोवे मावतील एवढा! राज्यात सुमारे २३ हजार ग्रामपंचायती. रोज एका पंचायतीत जाऊन चहा घेतला तरी शेवटच्या चहाला ६३ वर्षं लागतील.

आता पैसा. २०२४ पासून बोऱ्यामागे मजुरी ४,००० रुपये. पन्नास हजारांनी भागा: पानाला आठ पैसे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी तर २०११ मध्येच चलनातून गेली! पण वीस लाख बोऱ्यांना हाच दर लावा, ८०० कोटी रुपये होतात.

हा दर कोण ठरवतं? इथे तेंदूचा व्यापार १९६४ च्या कायद्यानं सरकारनं हाती घेतला. १९८४ मध्ये लघु वनोपज महासंघ उभा राहिला. त्याखाली जिल्हा युनियन आणि त्याखाली हजारावर प्राथमिक सहकारी संस्था. पण १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रात गौण वनोपजाची, म्हणजे तेंदूचीही, मालकी ग्रामसभेकडे दिली. मध्य प्रदेशानं त्याचे नियम लागू केले १५ नोव्हेंबर २०२२ ला. मंडला आणि डिंडोरी हे दोन्ही जिल्हे अख्खेच्या अख्खे अनुसूचित. आता तिथली ग्रामसभा ठराव करून म्हणू शकते: पानं आम्हीच गोळा करू, आम्हीच विकू.

ग्रामसभेला हे झेपेल का? गडचिरोलीकडे बघा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या पाचेकशे वस्तीच्या गावाला २००९ मध्ये १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. दादरची शिवाजी पार्कं त्यात १६० बसतील! आज गडचिरोलीतल्या ग्रामसभांकडे असं जंगल पाच लाख हेक्टरच्या घरात आहे. म्हणजे पाच हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ अख्खा जबलपूर जिल्हा!

तर आता शेवटचा गुणाकार. सगळ्या मध्य प्रदेशात पानामागे फक्त एक पैसा वाढला, आठाचे नऊ झाले, तर दहा हजार कोटी पानांवर दहा हजार कोटी पैसे. शंभरनं भागा. शंभर कोटी रुपये! एका पैशाची ही किंमत. म्हणूनच झाडाखाली भरलेल्या ग्रामसभेत कुणी एका पैशासाठी तासभर भांडत असेल, तर त्याला हसू नका. त्याचा हिशेब पक्का आहे.