टायर एकाच कडेने का झिजतो?

मंडळी, ज्यांच्या घरी बैलगाडी आहे किंवा होती, त्यांना ही गोष्ट सांगायला नको. चाकाची धाव एका बाजूने जास्त घासू लागली, की जाणता माणूस धावेला दोष देत नाही. तो आस पाहतो, तुंबा पाहतो, चाक सरळ बसले आहे की कलले आहे ते पाहतो. आस वाकडाच राहिला, तर नवी धावही तशीच झिजणार. हाच जुना नियम आज आपण मोटारीच्या मागच्या चाकांना लावून पाहू या.

आता गावोगाव जीपगाड्या आहेत, लहान मोटारी आहेत, शाळेची मुले नेणारी वाहने आहेत. पुढच्या चाकांकडे सगळ्यांचे लक्ष असते, कारण स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागले की हाताला लगेच कळते. मागची चाके मात्र मुकी. ती निमूट झिजतात, आणि पुष्कळदा आतल्या कडेने झिजतात. तिथे उभ्या माणसाची नजर पोचत नाही. बाहेरून टायर चांगला दिसतो, आणि आत त्याचे सूत उघडे पडलेले असते. अशी गाडी माणसे भरून घाटात निघाली, तर काय होईल ते सांगायला हवे का?

टायर बोलत नाही, पण त्याची झीज बोलते. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत राहिला, तर हवा कमी आहे. मधला भाग झिजला आणि कडा शाबूत राहिल्या, तर हवा जास्त आहे. जागोजागी खळगे पडले असतील, तर शॉक अॅब्सॉर्बर निकामी झाला असेल किंवा चाकाचा तोल बिघडला असेल. एकच कडा सपाट झिजली, तर बहुधा चाक उभ्या रेषेपासून कललेले असते. याला कारागीर कॅम्बर म्हणतात. काही मोटारींत प्रमाणाबाहेर माणसे व पोती भरली, की मागची चाके आणखी कलतात.

आता आणखी एक खूण. तळहात टायरवर आडवा, अगदी हलक्या हाताने फिरवावा. जाताना गुळगुळीत लागते आणि परत येताना कडा बोचतात, असे झाले तर चाकाचे तोंड गाडीच्या चालीच्या दिशेला नाही. ते जरा आत किंवा बाहेर वळले आहे. याला टो म्हणतात, आणि टायर खाण्यात याच्याइतका हावरा दोष दुसरा नाही.

किती हावरा? गुरुजी, हे गणित वर्गात फळ्यावर घालण्यासारखे आहे. समजा, चाक फक्त अर्ध्या अंशाने वळले आहे. साठ सेंटिमीटर व्यासाच्या चाकात पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम पाच मिलिमीटरचा फरक. डोळ्याला दिसायचाही नाही. पण अर्ध्या अंशाची साइन सुमारे 0.0087 येते. म्हणजे एक किलोमीटर धावताना टायर पावणेनऊ मीटर आडवा फरपटला जातो. दहा हजार किलोमीटर झाले, की ही फरपट 87 किलोमीटर होते! हिशेब ढोबळ आहे, कारण रबर थोडे लवचीक असते. पण टायर कुठे गेला, हे त्यावरून चांगले समजते.

तुम्ही विचाराल, मागची चाके तर वळत नाहीत, मग ती वाकडी कशी होतात? जुन्या धाटणीच्या जीपला मागे एकसंध आस असतो आणि तो पाट्यांवर बसवलेला असतो. पाटे एकत्र धरणारा मधला बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट ढिले झाले, की आस एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. लहान मोटारीत खड्ड्यात जोराचा दणका बसून मागचा आस किंवा त्याचा सांधा वाकतो. कधी रबरी बुश झिजून सैल होतात. रस्ता सरळ असून स्टिअरिंग वाकडे धरावे लागते, तेव्हा दोष मागे असू शकतो, हे ध्यानात ठेवा.

घरी करण्यासारखी एक साधी परीक्षा आहे. गाडी सपाट जागी, स्टिअरिंग सरळ ठेवून उभी करा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. स्पष्ट फरक आढळला, तर गाडी कारागिराला दाखवा.

कारागिराकडे गेल्यावर काही ठिकाणी ऐकायला मिळते, “मागचं अलाइनमेंट नसतं हो.” हे अर्धे खरे आहे. पुष्कळ लहान मोटारींत मागची चाके पुढच्यांसारखी जुळवता येत नाहीत. पण मोजता नक्कीच येतात. म्हणून चारही चाकांची मोजणी मागा आणि मागच्या चाकांचे आकडे विचारा. दोष निघाला, तर वाकलेला भाग बदलणे किंवा योग्य जाडीची पट्टी घालणे, हे उपाय असतात. आधी हवा, बेअरिंग आणि बुश तपासावेत, मग अलाइनमेंट, आणि शेवटी नवा टायर. हा क्रम उलटा केला, की नव्या टायरचे पैसे रस्त्यावर घासून गेलेच म्हणून समजा.

पावसाळ्यापूर्वी तर हे कराच. टायरच्या खाचांत लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे खोली 1.6 मिलिमीटरवर आली, की टायर बदलावा. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे लावावेत. ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली की गाडी गरकन फिरते, आणि मग चालकाच्या हाती फारसे काही उरत नाही.

तेव्हा महिन्यातून एकदा, सकाळी टायर थंड असताना, हवा मोजा. गाडी बंद करून, हातब्रेक ओढून, चाकाला दगड लावून, खाली वाकून आतली कडा बघा. पाच मिनिटांचे काम आहे. पण गाडीत बसणारी पोरे आपलीच असतात, बरं का!