काशीपासून लॉनपर्यंत

भंडाऱ्याहून साकोलीच्या बाजूला निघालं, की वैनगंगेचा पूल ओलांडताच कारधा लागतं. बाहेरच्या माणसाला हे नाव ठाऊक असतं ते पावसाळ्यातल्या बातम्यांमुळे. कारध्याच्या जुन्या पुलाजवळ नदीची पातळी मोजली जाते आणि 245.50 मीटर ही इथली धोक्याची रेषा. आम्हा काठावरच्यांना मात्र पावसाळा सरत आल्याचं सांगते ती काशी, नदीकाठचं हे गवत. पोळा झाला की काठाकाठाने तिचे पांढरे तुरे निघू लागतात आणि दसऱ्यापर्यंत टिकतात. तुरा हातात घेऊन पाहा, दाण्याच्या बुडाशी रेशमासारखी लव असते. पान मात्र अरुंद आणि धारदार, मधोमध पांढरी शीर. उलट्या दिशेने हात फिरवला तर बोट कापतं. आज बागेत लावायच्या शोभेच्या गवतांचा बोलबाला आहे. त्या गवतांशी आपण गेल्या पंचाहत्तर वर्षांत कसे वागलो, ते या काशीपासूनच पाहायला हवं.

शेतकऱ्याला काशी कधीच शोभेची वाटली नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. तिची आडवी खोडं जमिनीत खोल जातात. नांगराने तुटली की प्रत्येक तुकड्याला नवा कोंब फुटतो. मध्य भारतातली मोठमोठी शेतं या गवतामुळे पडीक राहिली. स्वातंत्र्यानंतर सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेकडे काशी मोडून काढण्याचं काम दिलं आणि 1949 साली जागतिक बँकेने त्यासाठीच्या यंत्रांना एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं. स्वतंत्र भारताला त्या बँकेकडून मिळालेल्या अगदी पहिल्या कर्जांपैकी हे एक. 1956 पर्यंत भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्याची राजधानी होती नागपूर. म्हणजे ही लढाई आपल्याच प्रांतातली.

पण याच गवताचं दुसरं देणं फारसं कुणी सांगत नाही. कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड उसाचा काशीशी संकर केला आणि 1918 साली को 205 हे वाण शेतकऱ्यांच्या हाती आलं. उसाला काटकपणा मिळाला तो या काशीकडून. शत्रू म्हणून जिला उपटलं, तिचाच अंश उसाच्या फडात उभा आहे.

अंगणातलं गवत म्हणजे तेव्हा गवती चहा आणि वाळा. न्हाणीचं पाणी जिथे जाई तिथे गवती चहाचा ठोंब असायचा. वाळ्याची मुळं माठात, कपड्यांच्या ट्रंकेत आणि उन्हाळ्यात ताट्यांमध्ये. पारा पंचेचाळिसाला टेकला की पाणी मारलेल्या वाळ्याच्या ताटीतून आलेली झुळूक काय असते, हे विदर्भाबाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पुढे कूलर आले, त्यांच्या ताट्यांत लाकडाचा भुसा आला, नंतर कागदाची जाळी आली आणि अंगणातला वाळा मागे पडला.

त्याच सुमारास आली हिरवळ. आमच्याकडे लग्नं ‘लॉन’वर लागतात. बंगल्यापुढे, कार्यालयापुढे कापलेला हिरवा चौकोन असला की बाग झाली, असं ठरून गेलं. माझं मत स्पष्ट आहे: आमच्या हवेत हिरवळ हा पाण्याचा अपव्यय आहे. मे महिन्यात तिला रोज पाणी हवं, पावसाळ्यात आठवड्याला कापणी हवी, आणि तिच्यावर ना फुलपाखरू येतं ना मुनिया.

दरम्यान युरोप-अमेरिकेत उलटं वारं वाहत होतं. पॉट्सडॅमजवळ रोपवाटिका चालवणाऱ्या कार्ल फोर्स्टर यांनी 1957 साली बागेतल्या गवतांवर आणि नेच्यांवर पुस्तकच लिहिलं. पुढे पीट औडॉल्फ या डच बागरचनाकाराने उंच बहुवर्षायू गवतं सार्वजनिक बागांत आणली. न्यूयॉर्कच्या जुन्या उन्नत रेल्वेमार्गावरची हाय लाइन ही बाग 2009 मध्ये खुली झाली आणि वाळलेलं गवतही देखणं दिसतं हे जगाला पटलं. ती लाट आपल्याकडे पोहोचली, पण तयार माल होऊन. नर्सरीत जांभळ्या पानांचं फाउंटन ग्रास आलं, लग्नाच्या मंचावर पंपासचे वाळवलेले तुरे आले. पंपास मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. कॅलिफोर्निया आणि न्यूझीलंडमध्ये ते आता उपद्रवी तण ठरलंय. आफ्रिकेतून आलेल्या फाउंटन ग्रासने हवाई बेटांवर तेच केलं. नदीकाठच्या गावात अशी बी उधळणारी परकी गवतं आणू नयेत, असं मला ठामपणे वाटतं.

नदीही बदलली. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. आता त्याचा फुगवटा भंडाऱ्यापर्यंत येतो. साचलेल्या पाण्यावर जलपर्णी पसरते. ऑगस्ट 2020 च्या शेवटी महापूर आला तेव्हा काठांची माती किती सुटी आहे तेही दिसलं. मुळांनी काठ धरून ठेवणारी काशी अशा जागी तण नाही, आधार आहे. अंगणात मात्र तिला आणू नका, ती कुंपण जुमानत नाही.

अंगणासाठी वाळाच. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ तीन-चार मीटर खाली जातात. उत्तरेकडचा वाळा बी धरतो, दक्षिणेकडचा सहसा धरत नाही; रोप घेताना दक्षिणेकडचा मागावा. जूनचे पहिले दोन चांगले पाऊस झाले की जुना ठोंब खणून काढायचा, कुदळीने फोडायचा, दोन-तीन फुटव्यांचा एकेक गड्डा वेगळा करायचा. पानं वीतभर ठेवून छाटायची, मुळं चार बोटं. ओळीत वीत-वीत अंतरावर लावलं की वर्ष-दोन वर्षांत हिरवी भिंत उभी राहते आणि उतारावरून वाहणारी माती तिच्यामागे थांबते. जागतिक बँकेच्या रिचर्ड ग्रिमशॉ आणि जॉन ग्रीनफील्ड यांनी 1980 च्या दशकात भारतातच या कुंपणाचा प्रसार केला. कर्नाटकातल्या गुंडलुपेटचे शेतकरी तर त्याच्याही आधीपासून बांधावर वाळा लावत होते. काशी मोडायला कर्ज देणारी आणि वाळा लावायला सांगणारी बँक एकच, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

घाटांच्या सुशोभीकरणाचे आराखडे करणाऱ्यांना एक विनंती. वैनगंगेच्या काठावर लॉनचे गालिचे अंथरू नका. पाण्यालगत काशी राहू द्या, उतारावर वाळ्याच्या ओळी लावा. आणि ज्यांच्या घरी अंगण उरलं आहे, त्यांनी येत्या जूनमध्ये पागोळ्या पडतात तिथे वाळ्याचे चार गड्डे तरी लावावेत.